बीहडातला ट्रंक कॉल

"हां, बोला!"

एवढं म्हणून त्या डाव्या कानावर दोन बोटं दाबायच्या आणि मान जराशी खाली घालायच्या. तुम्ही समोर हातभर अंतरावर उभे असलात तरी. भाजीवाल्यापुढे असोत, देवळाच्या पायरीवर असोत की माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर पालथ्या पडलेल्या असोत, संभाषणाची सुरुवात अशीच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात घालवली होती. कानावरचा हेडफोन निवृत्तीच्या दिवशी उतरला, बोटं मात्र तिथेच राहिली.

नोकरी संपते पण ड्यूटी संपत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माधवगंजात, म्हणजे चंबळकडच्या आमच्या शहरातल्या त्यांच्या मोहल्ल्यात, त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. लहान-मोठे, मराठी-हिंदी, सगळेच. त्याचं कारण त्यांचे धाकटे दीर, अण्णा. दोन मजली घर, वर वहिनी आणि त्यांचे यजमान, खाली अण्णा. अण्णा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते आणि एकटेच राहत. दिवसातून दहा वेळा ते जिन्याखाली उभे राहून "वहिनीऽ" अशी हाक मारायचे, तीच गल्लीने उचलली. पण मी त्यांना ओळखू लागले तोवर अण्णांनी ती हाक सोडून दिली होती. ते पुढे सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. फूलबागेजवळ माझा छोटासा दवाखाना आहे. खांदा आखडला म्हणून वहिनी पहिल्यांदा आल्या.

"हात वर जातो का?" मी विचारलं.

"जातो ना. दुसऱ्या हाताने उचलला की जातो."

आठवड्याने पुन्हा आल्या तेव्हा मी विचारलं, "सांगितलेला व्यायाम केलात?"

"करणारच होते गं, पण लाइन बिझी होती."

अशा पेशंटवर रागावणार कसं? खांदा सुटायला बरेच महिने लागले. तोवर माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या घरची खबरबात त्यांना कळलेली होती आणि माझ्या वेटिंग रूममध्ये कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हेही त्याच ठरवत होत्या.

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. आवाज राहत. एकदा एका लग्नात आम्ही जेवायला शेजारी बसलो होतो. पलीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ वाढप्याकडे भात मागत होते. वहिनींची बोटं कानावर गेली.

"तुम्ही दाल बाजारात राहायचे ना? रोज संध्याकाळी झाशी मागायचे?"

गृहस्थांच्या हातातला घास तसाच राहिला. शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. आता काय होतंय म्हणून मी ताटात मान घातली.

"मग? लागली का नाही झाशी शेवटी?" वहिनींनी विचारलं.

गृहस्थांनी डोळ्यांनीच बायकोकडे खूण केली आणि लाजून म्हणाले, "लागली." त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. झाशीच्या त्या टोकाला त्याच बोलत असत.

आता अण्णांचं. वहिनींचे यजमान खूप आजारी होते तेव्हा अण्णांचं म्हणणं, दिल्लीला न्यावं. वहिनींनी नेऊ दिलं नाही. ते घरीच वारले. तेराव्याला नातेवाईक जमलेले असताना अण्णा बोलून गेले, "वहिनींनी ऐकलं असतं तर दादा आज असता." वहिनी उठून आत गेल्या आणि त्या दिवसापासून दिराशी बोलल्या नाहीत. पाण्याची मोटर एक, जिना एक, तुळस एक, आणि बोलणं बंद. काही निरोप असला की गल्लीतल्या कुणाला तरी मध्ये घ्यायचं. "जरा खाली सांग, मोटर चालू राहून गेली आहे." खाली अण्णांना ते स्वच्छ ऐकू आलेलं असायचं, तरी ते निरोप येईपर्यंत थांबायचे.

मी एकदा विषय काढून पाहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "मला त्यांच्याशी गोष्ट करायची नाही. तू खांदा बघ."

आमचा फूलबागेत सकाळी फिरणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात दोघंही होते. या ग्रुपमध्ये सौरभ नावाचा एक तरुण आहे. घरून कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे त्याला सतत कुठेतरी जायचं असतं. त्याने एका थंडीत टूम काढली की चंबळच्या बीहडात घोड्यांवरून जायचं. मुरैनाच्या पुढे एका गावात बलराम नावाचा घोडेवाला आहे, तो दिवसभर घळींमधून फिरवतो आणि संध्याकाळी नदीवर नेतो.

"एकदम सेफ आहे," सौरभ म्हणाला, "और व्ह्यू तो ऐसा की पूछो मत. कोण कोण येतंय?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"काकू, घोडा आहे. ई-रिक्षा नाही."

"अरे, आमचे पूर्वज दख्खनहून इथपर्यंत घोड्यावर आले. मी मुरैनाला नाही जाऊ शकत?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून अण्णा आभाळाकडे बघत म्हणाले, "सौरभ, माझंही नाव धर. मातीची धूप हा माझा विषय आहे."

ते येणार म्हणून ह्या माघार घेईनात आणि ह्या येणार म्हणून ते. वहिनींच्या खांद्याची जबाबदारी घेऊन मीही निघाले.

आम्ही आठ जण होतो. गावात पोचलो तेव्हा मोहरीची शेतं पिवळीधमक झाली होती आणि शेतांच्या टोकाला जमीन एकदम संपल्यासारखी दिसत होती. तिथून खाली बीहड. पावसाने कोरलेल्या मातीच्या घळी, एकीतून तीन फुटलेल्या, तिन्हींतून आणखी. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, भाजक्या बिस्किटाच्या रंगाच्या. मध्येच बाभळी, मध्येच एखादा मोर.

घोडे पाहून मात्र आमचा हिरमोड झाला. बलराम लग्नसराईत हेच घोडे वरातीला देत असे. वहिनींच्या वाट्याला आलेल्या चमेली नावाच्या पांढऱ्या घोडीच्या कपाळावर अजून झिरमिळ्यांचा एक तुकडा लटकत होता. तिला वरातीची इतकी सवय की थोडं चालली की आपली आपण थांबायची आणि पुढच्या लोकांना नाचायला वेळ द्यायची.

"अम्मा, एड़ लगाओ," बलराम आपली टाच आपटून सांगायचा.

"राहू दे रे. दमली असेल. मी तर बसलेलीच आहे."

तेवढ्यात सौरभचा फोन वाजला. त्याने रिंगटोन म्हणून ढोल ठेवलेला. चमेलीने कान टवकारले, मान उडवली आणि मागचे पाय आपटत जागच्या जागी नाचायला सुरुवात केली. वहिनी खोगिराला घट्ट धरून वरखाली.

"अरे बंद कर तो! माझी वरात काढून राहिलास का?"

आम्ही हसून हसून घोड्यांवरून पडायच्या बेतात आलो. अण्णासुद्धा हसले. मग लक्षात येऊन त्यांनी चेहरा पुन्हा मातीच्या धुपेकडे वळवला. त्यानंतर फोनची रेंज गेली आणि चमेलीचं नाचणं थांबलं.

दुपारी एका उंचवट्यावर चहासाठी थांबलो. सावली अशी एकाच बाभळीखाली होती. तिथे अण्णा आधीच बसलेले. वहिनी कप घेऊन तिकडे गेल्या, कारण दुसरी जागाच नव्हती. त्या टेकताहेत न टेकताहेत तोच अण्णा उठले.

"ही डावीकडची घळ सरळ नदीला मिळते," ते कुणालाच उद्देशून म्हणाले. "मी पुढे होतो."

बलराम "बाबूजी, रुको" म्हणेपर्यंत ते घोड्यावर बसून घळीत उतरलेही. वहिनींनी कप खाली ठेवला.

आमचा चहा झाला, खोगिरं आवळून झाली, आणि त्याच घळीतून अण्णांचा घोडा वर आला. एकटा. लगाम जमिनीवर लोळत होता, खोगीर एका कुशीला घसरलेलं.

पुढे काय झालं ते मला अजून लख्ख आठवतं. सगळे एकदम ओरडायला लागले. "अण्णाऽ! अण्णाऽ!" प्रत्येक हाक समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होती. आमचेच आवाज आमच्याच अंगावर. फोन मुका. बलराम घळीच्या तोंडाशी जाऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. आत पुढे ती बऱ्याच ठिकाणी फुटते, म्हणाला, कुठल्या फाट्यात शिरायचं ते कळत नाही.

"चूप!"

वहिनी उंचवट्याच्या अगदी कडेला गेल्या होत्या. इतक्या कडेला की मी धावत जाऊन त्यांचा पदर धरला. दोन बोटं डाव्या कानावर. आम्ही गप्प झालो. घोडेही गप्प झाल्यासारखे वाटले.

वहिनींनी श्वास घेतला, आणि एवढ्या वर्षांत जी हाक त्यांनी मारली नव्हती ती मारली.

"भावोजीऽऽ!"

काहीच नाही. एक मोर ओरडला. मग खूप खालून, विहिरीतून यावा तसा आवाज आला.

"...वहिनी?"

त्यांचे डोळे क्षणभर मिटले. मग त्या एकदम ड्यूटीवर आल्या.

"हां, बोला! कुठे आहात?"

"घसरलो! पाय... उठता येत नाही! माती सुटून राहिलीय वरून!"

"हलू नका! बलराम येतोय. तुम्ही फक्त बोलत राहा. आवाज बंद नाही झाला पाहिजे!" आणि बलरामकडे वळून, "तू आवाज पकड़ के जा. मैं इनको चुप नहीं होने दूँगी."

बलराम दोर घेऊन घळीत उतरला. माझा आवाज खालपर्यंत पोचेना, म्हणून मी विचारायचं आणि वहिनींनी जोडून द्यायचं असं सुरू झालं.

"डॉक्टर विचारतेय, बोटं हलतात का?"

"हलतात!"

"चक्कर येतेय का?"

"थोडी! झोप आल्यासारखं वाटतंय!"

मी वहिनींचा हात दाबला. झोपू द्यायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"भावोजी, झोपायचं नाही! बोला काहीतरी!"

"काय बोलू?"

"काहीही बोला! मातीची धूप सांगा!"

आणि खरंच, खालून मातीच्या धुपेवर भाषण सुरू झालं. पावसाचं पाणी, गवताची मुळं, बांध. ते तुकड्यातुकड्यांनी वर येत होतं. वहिनी मध्ये मध्ये "हां, पुढे" म्हणत होत्या. अर्थ कुणालाच लागत नव्हता. मग भाषण थांबलं.

"भावोजी!"

"वहिनी, एक सांगायचं होतं." आवाज बारीक झाला होता. "त्या दिवशी... तेराव्याला... मी बोललो ते..."

"मोठ्याने बोला! ऐकू येत नाही!"

"मी म्हणतोय, मी चुकीचं बोललो होतो!"

चुकीचं बोललो होतो, भिंत म्हणाली. बोललो होतो, दुसरी भिंत म्हणाली. आम्ही सगळे एकाच वेळी रिकिबींचे पट्टे तपासायला लागलो.

"पुन्हा बोला!" वहिनी ओरडल्या.

सौरभ हळूच म्हणाला, "काकू, हमको तो सुनाई दे रहा है."

"तू चूप बस."

खालून पुन्हा आवाज आला. आता तो जोर लावून येत होता, एकेक शब्द सुटा. "दादाला हलवलं असतं तर तो रस्त्यातच गेला असता! डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं! मला माहीत होतं, वहिनी! मला ते सहन झालं नाही, म्हणून तुमच्यावर टाकलं!"

वहिनींची बोटं कानावरच होती, पण कोपर हळूहळू खाली येत होतं. तोच आखडलेल्या खांद्याचा हात, इतका वेळ वर धरलेला. मी खालून त्याला आधार दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"वहिनी?" खालून घाबरा आवाज आला. "वहिनी, आहात ना?"

"आहे." तो आवाज खाली पोचणं शक्यच नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा, सगळ्या बीहडाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आहे भावोजी! लाइन चालू आहे! तुम्ही बोला!"

"आता काही उरलं नाही बोलायला!"

"मग बांधाचं अर्धं राहिलं होतं, ते सांगा!"

अण्णांनी बांधाचं उरलेलं अर्धं सांगितलं. ते संपत असतानाच बलरामचा आवाज आला, "मिल गए! बाबूजी मिल गए!" तेव्हा कुठे वहिनींनी कानावरची बोटं काढली आणि तिथेच मातीत बसल्या. कुणी पाणी दिलं. प्याल्या. मग म्हणाल्या, "किती बोलतो हा माणूस," आणि रडल्या. फार वेळ नाही.

बलरामने अण्णांना पाठीवर घेऊन खालच्या वाटेने बाहेर काढलं. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता, कपडे, केस, भुवया, सगळं मातीच्या रंगाचं. मी माझी ओढणी फाडून घोटा बांधला. वहिनी उभ्या राहून बघत होत्या. दूरवरून ओरडून जे जमलं होतं ते जवळ आल्यावर अवघड झालं.

शेवटी अण्णा म्हणाले, "ती घळ नदीला मिळतच नाही."

"ते कळलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चमेलीवर बसा. ती हळू चालते."

अण्णांना चमेलीवर चढवलं, वहिनी अण्णांच्या घोड्यावर बसल्या, आणि नदी न बघताच आम्ही गावाकडे परत फिरलो. वाटेत चमेली सवयीने थांबली की वहिनीही घोडा थांबवायच्या. उन्हं कलली होती. मोहरीच्या शेतांपाशी आलो तेव्हा त्या दोघांचं बोलणं चालू होतं, आणि ते भांडण होतं. मोटर रोज कोण चालू ठेवतं यावर.

त्यानंतर ते घर शांत म्हणून कधी राहिलं नाही. अण्णांचा पाय प्लास्टरमध्ये असताना वहिनी वरून डबा खाली आणायच्या आणि भाजी कशी झाली ते विचारायच्या. ते खरं सांगायचे, की भांडण सुरू. प्लास्टर निघाल्यावर अण्णा व्यायामासाठी माझ्याकडे येऊ लागले. वहिनी सोबत येऊन खुर्ची टाकून बसायच्या.

"जरा जोरात दाब गं. ओरडले तरी चालेल. मला ऐकायची सवय आहे."

"वहिनी, तुम्ही बाहेर बसा ना," अण्णा कळवळून म्हणायचे.

"का? इथे काय माझं तिकीट लागतं?"

एकदा अण्णा एकटे आले होते. घोटा फिरवता फिरवता मी विचारलं, इतकी वर्षं का थांबलात? ते छताकडे बघत म्हणाले, "रोज जिन्यापाशी उभा राहायचो. वर जाऊन सांगायचं म्हणून. पायऱ्या चढून गेलो की वहिनींचा चेहरा बघावा लागणार. तेच जमत नव्हतं. खाली घळीत पडलो तेव्हा चेहरा नव्हता, नुसता आवाज होता."

वहिनी गेल्या पावसाळ्यात गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी झोपेतच. अण्णा शेवटपर्यंत उशाशी होते आणि आता वरच्या मजल्यावरच राहतात. खालच्या खोल्या त्यांनी एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला दिल्या आहेत.

माझी आणि वहिनींची शेवटची भेट त्याआधी काही आठवड्यांची. महाराज बाड्यावर, म्हणजे आमच्या भर बाजारातल्या चौकात, एका चपलांच्या दुकानात मी सॅंडलची पट्टी बदलायला थांबले होते. आत धप् धप् असा आवाज येत होता. पाहते तर वहिनी. कॉटनची चॉकलेटी साडी घोट्यांच्या वर खोचलेली आणि पायांत पुरुषांचे तपकिरी बूट. दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्या पाय आपटत चालून बघत होत्या. गिऱ्हाइकं बाजूला सरून त्यांना वाट देत होती.

"वहिनी, हे काय?"

"अगं, गेल्या वेळी कॅनव्हासच्या बुटांनी रिकिबीत पाय सोलले. या थंडीत नदीपर्यंत जायचंच आहे. नदी राहून गेली आपली." मग दुकानदाराला, "भैया, इससे आधा नंबर छोटा दिखाओ. और फीता मजबूत होना चाहिए."

अर्धा नंबर लहान बूट नेमके बसले. दुकानदार ते काढून खोक्यात भरायला लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं. खोक्यात जुन्या चपला टाकायला लावल्या, खोकं काखेत मारलं आणि बूट घालूनच दुकानाबाहेर पडल्या. बाहेर बाड्यावर संध्याकाळची गर्दी होती. टेम्पो, ई-रिक्षा, हातगाड्या, सगळे हॉर्न वाजवत होते. वहिनी त्या सगळ्याच्या मधून, साडी जराशी उचलून, टाच आधी टेकवत, घोड्यावरून नुकत्याच उतरलेल्या माणसासारख्या पाय फाकवून चालल्या होत्या. एका पोरीने आईचा हात ओढून तिला ते बूट दाखवले. वहिनींचं लक्ष नव्हतं. त्या खाली बघत होत्या, आपल्याच पायांकडे, आणि मान डोलावत होत्या.